तीन खुणा

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत सगळ्या रूमीज घरी गेल्या आणि मी भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये महिनाभर ट्रेनिंगला लागले. लेथचा डायग्राम डोळे मिटून काढीन असा माझा तोरा! पहिल्याच दिवशी टर्नर काका म्हणाले, "पोरी, या दांड्याचे आटे गेलेत." कॉन्व्हेंटची कृपा, मला आटा म्हणजे गव्हाचं पीठ एवढंच ठाऊक. आटे म्हणजे थ्रेड्स, हे कळायला अर्धा तास गेला.

दांडा म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडरचा पिस्टन रॉड. ४५ मिमी जाड, मीटरभर लांब, वर आरशासारखं हार्ड क्रोम. खराब झालेलं टोक वेल्डिंगने भरून आणलेलं. त्याला फेस मारायचा, सेंटर काढायचं आणि नवे आटे पाडायचे. काका चहाला गेले. म्हटलं, निदान बांधून तरी ठेवू. थ्री-जॉ चकमध्ये दांडा घातला आणि सगळी ताकद लावून चावी फिरवली. वाकडा बसलाय असं वाटलं म्हणून सैल करून पाहिलं, तर क्रोमवर तीन खुणा!

हा क्रोमचा थर साधारण २५ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. त्यावरून रबरी सील दिवसभर मागेपुढे सरकतं. खुणेची धार सीलला कापते आणि तेल गळायला लागतं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. परीक्षेत मार्कही मिळाले होते.

टेबलावर एमरी पेपर होता. हलकेच घासलं असतं तर खुणा दिसल्या नसत्या, आणि कोणी पाहिलंही नव्हतं. पाच मिनिटं हातात तो कागद धरून उभी राहिले. मग काका आल्यावर सांगितलं. 'सॉरी' तोंडातून पटकन निघतं हो, पण "काका, माझ्याकडून चूक झाली" म्हणताना घसा कोरडा पडला.

काका रागावले नाहीत. शेठही काही बोलले नाहीत, पण दांडा पुन्हा क्रोमला पाठवायचा खर्च त्यांच्याच खिशातून गेला. ते न बोलणं जास्त लागलं.

आठ दिवसांनी दांडा परत आला आणि काकांनी तो मलाच बांधायला लावला. आधी तांब्याचा पत्रा लाल करून पाण्यात बुडवला. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं मात्र मऊ पडतं. त्या पत्र्याच्या पट्ट्या फोर-जॉ चकच्या प्रत्येक जॉखाली ठेवल्या आणि डायल लावून काटा जवळजवळ हलेनासा होईपर्यंत एकेक जॉ सारखा केला. मग स्टेडी. तिची पितळी टोकं आधी चकजवळच दांड्याला अलगद टेकवली, कारण तिथे दांडा मधोमध असल्याची खात्री असते. मग तीच सेटिंग ठेवून स्टेडी टोकाकडे सरकवली. थेट टोकाला लावली असती आणि जरा तिरकी बसली असती, तर दांडा फिरता फिरता चकमधून बाहेर सरकला असता. टोकांवर तेल सोडलं. चिप्स आत शिरून ओरखडे काढू नयेत म्हणून मधे पुठ्ठ्याची चकती.

रायफलची नळीही अशीच जपून धरतात, हे मी नंतर वाचलं. फक्त तिथे डायल आतल्या भोकाला लावतात, कारण बाहेरचा गोल आणि आतलं भोक एकाच मध्यावर असेलच असं नाही.

त्या दिवशी आटे पडले, नट हाताने फिरला. दांड्यावर एकही खूण नव्हती. काका एवढंच म्हणाले, "आता चहा प्यायला चल."

मित्रांनो, सबमिशनमध्ये आपण बऱ्याच गोष्टी एमरी मारून गुळगुळीत करतो. मीही करते. पण हल्ली फाईल उघडली की त्या तीन खुणा आठवतात.