भिंतबाई

कोहमाऱ्याच्या चौकात ट्रक रायपूरकडे धावतात, गाड्या गोंदियाकडे वळतात. तिथून आतल्या गल्लीत शिरलात की भिंतबाईची गाठ पडेल. वय विचारू नका. जाडीही काढू नका. दीड हात आहे, ती दिसतेच.

हिचं सगळं जन्मापासून सावकाश. माती भिजवायची, तणस घालून पायांनी तुडवायची, आंबू द्यायची. मग गोळ्यावर गोळा रचत हात-दीड हात चढायचं आणि थांबायचं. तो थर सुकण्याआधी पुढचा चढवला, की बाईचं पोट सुटलंच.

पाण्यावर जन्मली, तरी पुढं पाण्याचंच वावडं. डोक्यावर कवेलू आणि पायाशी ओटा असला तर झाडीपट्टीतला पावसाळा ही हसत काढते. पण वानरांची टोळी छपरावर नाचून गेली, दोन कवेलू सरकले आणि धार अंगावर आली, की आधी रुसते, मग फुगते आणि एखाद्या रात्री काही न बोलता अंगणात बसते. मृगाआधी घरोघरी कवेलू फेरायची गडबड असते ती हिच्या या रुसव्यापायी.

मे महिन्यात बाहेर डांबर पाघळतं, तेव्हा हिच्या आड गार वाटतं. मात्र दिवसभर गिळलेलं ऊन ही रात्री परत करते आणि मंडळी बाजा उचलून अंगणात येतात. (तिचे गोडवे गाणारे शहरातले लोक हे सहसा सांगत नाहीत.) खिळा ठोकलेला हिला खपत नाही, देवळीत कंगवा, औषधाची बाटली, रेशनकार्ड, काहीही ठेवा.

नटायची हौस दांडगी. दिवाळीला छुईचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा, पोतारा हवाच. उन्हं तिरपी झाली की त्यावर पोतणारीच्या हाताचे कमानदार फराटे दिसतात. मध्येच एक तुटलेला असतो, तिथं लेकरू रडलं असणार.

हिला एकदाच कायमचं गोरं करू म्हणून कुणी सिमेंटचा गिलावा चढवतं. अंगातली ओल बाहेर टाकायची हिची सवय. सिमेंट ती अडवतं. काही पावसाळ्यांत गिलाव्याचा पापुद्रा ताटाएवढा निखळतो आणि मागं भुसभुशीत माती. चुन्याशी मात्र पटतं. तो ओलीला वाट देतो आणि हिच्यासारखाच रेंगाळ्या आहे: भट्टीतून निघालेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड व्हायला निघतो.

२०१६च्या घरकुल योजनेचे पैसे मिळू लागले, तशी पुढच्या बाजूला विटांची सून आली. बाई मागं सरकली, पण चूल आणि धानाची ढोली हिच्याच ताब्यात. पाहुणे पुढं बसतात, जेवायला मागं येतात.

अशीच एक मागच्या पावसाळ्यात पडली. उन्हाळ्यात तिची माती बैलगाडीनं बांधीत गेली. चार टोपली तेवढी घरी ठेवली, नव्या चुलीसाठी.