विस्तवाचा गारवा

विस्तव लावून बर्फ करता येतो, असे कुणी म्हणाले असते तर मी ते थट्टेवारी नेले असते. पण यंदा मे महिन्याच्या सुटीत मी ॲरिझोनात दादाकडे तीन आठवडे राहिलो. निवृत्त झाल्यावर त्याने घर विकले आणि चाकांवरचे घर घेतले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर!

या बिऱ्हाडातला फ्रिज न्यारा. घरघर नाही, कारण हलणारे यंत्रच नाही. नळ्यांत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन कोंडलेले. खालून ऊब दिली की पाण्यातला अमोनिया वाफ होऊन वर जातो, तिथे निवून पातळ होतो, आणि हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडून जाताना आतली उष्णता ओढून घेतो. आपला माठ पाणी गार करतो, त्यातलीच ही युक्ती. १९२२ साली स्टॉकहोममध्ये प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ती साधली. ऊब गॅसच्या ज्योतीने द्या, नाहीतर विजेच्या कांडीने.

ती कांडीच गेली. १२० व्होल्टवरच्या ३०० वॉटच्या कांडीचा रोध ४८ ओहमच्या आसपास हवा. मीटर काहीच दाखवीना. नवी कांडी टपालाने येईपर्यंत फ्रिज गॅसवर चालला. ती आली त्याच दिवशी गॅस संपत आलेला, बाहेर ४२ अंश ऊन, आणि आत वहिनीच्या इन्शुलिनच्या कुप्या! दुरुस्तीवाला फोनवरूनच म्हणाला, "जुना आहे, नवा घ्या." नव्याची किंमत ऐकून वहिनीने माझ्याकडे पाहिले, दादाकडे नाही.

दादाने गॅस बंद केला, वीज तोडली, बाहेरची झडप काढली. पत्र्याखालचा लोकरीसारखा थर बाजूला सारला. नळीला चिकटलेल्या खोबणीत कांडी गंजून बसली होती. पकडीने ओढली, हलेना. शेजारचे गृहस्थ हातोडी घेऊन आले. दादाने त्यांना नम्रपणे परत पाठवले. "अरे, ठोकताना नळी फुटली तर अमोनिया बाहेर, आणि फ्रिज भंगारात."

गंजावर तेल सोडून तो बसून राहिला. तासाने कांडी किंचित फिरवायची, पुन्हा तेल. रात्रीही कंदील घेऊन दोनदा उठला. इतका सबुरीचा दादा मी लहानपणी पाहिला नव्हता; पतंगाचा गुंता तो दाताने तोडायचा.

वहिनीने कुप्या पंचात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवल्या होत्या. बर्फाला लागून नव्हे. इन्शुलिन गोठले तरी वाया जाते.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "मला हा आजार झाल्यापासून हे असे झालेत."

सकाळी कांडी कुरकुरत निघाली, तांबड्या भुकटीसकट. दादाने खोबण पुसली, नवी कांडी सरकवली, तारा जोडल्या, थर जसाच्या तसा बसवला. वीज लावली. आवाज नाही, काही नाही. फ्रिज गार होतो आहे की नाही, हे कळायला संध्याकाळ लागली.

वहिनीने आत हात घालून पाहिला. आधी कुप्या ठेवल्या, मग दह्याचे भांडे.

"अहो, आता दार सारखे उघडून पाहू नका," ती म्हणाली.