गाडीचासुद्धा सातबारा असतो!

जमीन घ्यायची म्हटलं की आपण दिंडोरीकर किती जपून असतो! सातबारा बघतो, फेरफार काढतो, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे का ते तपासतो, बांधावर जाऊन शेजाऱ्याला विचारतो. आणि लाखो रुपयांची जुनी पिकअप घेताना? बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकायचा, एक चक्कर मारायची आणि ‘घरची गाडी आहे’ एवढ्या शब्दावर इसार द्यायचा. अहो, गाडीचासुद्धा सातबारा असतो! मालकी, बोजा, वय, दंड, सगळं नोंदलेलं असतं आणि ते बघायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. मला हे यंदा टोमॅटोच्या हंगामाआधी कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

झालं असं, क्रेट पिंपळगाव बसवंतला न्यायचे तर दर खेपेला भाड्याची गाडी शोधा, हंगाम भरात आला की चढं भाडं द्या. म्हणून जुनी पिकअप घ्यायचं ठरलं. वणी रस्त्याला एक पसंत पडली. पांढरी, स्वच्छ, आवाजाला चोख. मालक म्हणाले, “भाऊ, २०१८ चं मॉडेल, सेकंड ओनर, लोन कधीच नील केलंय.” मी खिशात हात घालणार, तेवढ्यात भाचा म्हणाला, “मामा, थांबा ना, नंबर तर टाकून बघू.” त्याच्या मोबाइलमध्ये एम-परिवहन होतं. केंद्र सरकारचं ॲप, पैसे लागत नाहीत, फक्त आपल्या मोबाइल नंबरवरून आत जायचं. एमएच १५ पासूनचा पूर्ण नंबर टाकला आणि गाडीची अख्खी कुंडली समोर!

मालकाचं नाव होतं, मधली अक्षरं ताऱ्यांनी झाकलेली, पण ओळख पटण्यापुरतं पुरेसं. पासिंग कोणत्या आरटीओचं, रजिस्ट्रेशन कोणत्या तारखेला, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे की संपली, फिटनेस कधीपर्यंत. पिकअप मालवाहू गाडी, तिला फिटनेसशिवाय रस्त्यावर आणताच येत नाही. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी. म्हणजे या एका तारखेवरून पुढचा खर्च कधी येणार तेही समजलं. आणि सगळ्यात खाली फायनान्सरचं नाव. कर्ज देणारी संस्था अजून तिथे ठाण मांडून बसलेली!

मालकांचा चेहरा उतरला. पण ते खोटं बोलत नव्हते, हे मला आवर्जून सांगायचंय. हप्ते खरंच फिटले होते. फक्त बोजा उतरवायचा राहिला होता. कर्ज फिटलं की बोजा आपोआप जातो असं त्यांना वाटायचं, आणि तसं वाटणारे गावोगाव आहेत. संस्थेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत गेल्याशिवाय नोंद हलत नाही. बिचाऱ्यांना स्वतःच्या गाडीची ही गोष्ट आमच्यामुळे कळली. घेणाऱ्याइतकाच विकणाऱ्याचाही फायदा यात आहे तो असा.

आता खरी गंमत ऐका. नंबर प्लेट काय, चार स्क्रूंवर असते. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट आली, जुन्यांनाही ती बसवायला लावली, त्यामुळे फसवाफसवीला आळा बसला. तरी गाडीची खरी ओळख चासी नंबरच. आम्ही रॉकेलच्या फडक्याने चासीच्या दांडीवरचा चिखल आणि ग्रीस पुसलं, मोबाइलचा टॉर्च मारला, वर कागद धरून पेन्सिल घासली. एकेक अक्षर उमटत गेलं! आरटीओच्या कागदांवर लावतात तीच ही पेन्सिल प्रिंट. एकूण १७ अक्षरं आणि आकडे. आय, ओ, क्यू ही अक्षरं त्यात येतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची: एमए१ म्हणजे महिंद्रा, एमए३ म्हणजे मारुती, एमएटी म्हणजे टाटा. आणि दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्षाचं. २०१० ला ए, २०११ ला बी, असं पुढे. आय गाळल्यामुळे २०१७ ला एच आणि २०१८ ला जे.

आमच्या कागदावर दहावं अक्षर एच उमटलं होतं!

लगेच आरसी बघितली. रजिस्ट्रेशन जानेवारी २०१८, बांधणी डिसेंबर २०१७. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण बाजारात गाडी एका वर्षाने जुनी ठरते आणि भाव त्याप्रमाणे बसतो. भावाचं बोलणं तिथून नव्याने सुरू झालं. चासीवरचे आकडे एका ओळीत आहेत का, एकाच जाडीचे आहेत का, आजूबाजूला वेल्डिंग किंवा ताजा रंग आहे का, हेही तिथेच बघून घ्या. तिथे शंका आली तर भाव कितीही कमी असो, निघून यायचं. याबाबत माझं मत पक्कं आहे.

हाच चासी नंबर पुढे चलन बघायला लागला. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेला दंड दिसतो. आणि दंडाची रक्कम तर दिसतेच, पण ठिकाण आणि तारीखही दिसते! म्हणजे ‘गाडी गावाबाहेर गेलीच नाही’ म्हणणाऱ्याची गाडी मुंबईच्या हद्दीत कधी पकडली गेली तेही समोर येतं. गाडी कुठे राबली, हे सांगणारा याहून प्रामाणिक साक्षीदार मला दुसरा दिसला नाही.

गाडी चोरीची आहे का, हे बघायचीसुद्धा सोय आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची ‘वाहन समन्वय’ ही व्यवस्था नंबर, चासी आणि इंजिन नंबरावरून देशभरातल्या पोलिसांच्या नोंदी तपासते. आपल्या भागाला हे विशेष लागू, कारण पेठ-सुरगाण्यापलीकडे गुजरात सुरू होतो आणि जीजे पासिंगच्या गाड्या इकडे स्वस्तात फिरतात. त्या घेताना तिथल्या आरटीओची एनओसी हवी आणि इथला करही भरावा लागतो, हे धरूनच स्वस्ताई मोजा.

मोबाइल सांगत नाही अशा दोन गोष्टी मात्र आहेत: ठोकर आणि पूर. तिथे डोळे आणि नाक. बॉनेट, दरवाजे, मडगार्ड यांच्या बोल्टवरचा मूळ रंग तुटलेला असेल तर तो भाग खोललेला आहे. काचांवर बनावटीच्या वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर का, ते विचारा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा! पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, सीटच्या पट्ट्यांना गंज चढतो, मॅट उचलली की कुबट वास येतो. गोदाघाटावर पुराचं पाणी चढतं तेव्हा तिथल्या गाड्यांचं काय होतं ते आपण पाहिलंय. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात तर कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या.

मीटर मागे फिरवणं हा तर जगभरचा रोग. अमेरिकेत कारफॅक्स ही कंपनी १९८४ मध्ये याच फसवणुकीवर तोड म्हणून उभी राहिली. आपल्याकडे किलोमीटरच्या नोंदींचे तुकडे आपणच जोडायचे: सर्व्हिस सेंटरला झालेल्या कामांच्या नोंदी मागा, प्रत्येक नोंदीत किलोमीटर असतात, ते चढत्या क्रमाने गेले पाहिजेत.

व्यवहार झाला की नोटरीच्या कागदावर थांबू नका. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल विकणाऱ्यांनी तर ऐकाच: गाडी २००७ ला विकली, पुढे ती आणखी हातांतून फिरली, २००९ ला अपघात झाला, आणि नोंद जुन्याच मालकाची राहिल्यामुळे भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली.

आमच्या पिकअपचा बोजा मालकांनी उतरवून दिला, भाव डिसेंबर २०१७ च्या हिशेबाने ठरला, आणि मग पेठ रोडच्या आरटीओत कागद दाखल केले. दिंडोरी, मोहाडी, लखमापूर, वणी, कुठेही जुनी गाडी बघत असाल तर इसार देण्याआधी चासी नंबर मागा. जो मालक तो दाखवत नाही, त्याची गाडी घेऊ नका.