पुलापलीकडची ताई

शाळेत काळ-काम-वेगाची गणितं असत. मी मराठीचा मास्तर, पण एक गणित हल्ली डोक्यातून जात नाही.

अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ला बंद झाला. जुलै २०१८मध्ये त्याचा पदपथ रुळांवर कोसळला होता, तेव्हा बंद करणं योग्यच. पण मी पूर्वेला, ताई पश्चिमेला. वीस मिनिटांची रिक्षा तासावर गेली. दर गुरुवारची माझी फेरी महिन्यावर आली. २६ फेब्रुवारी २०२४ला पुलाची एक बाजू उघडली. ताई त्याआधीच्या दिवाळीत गेली.

भाचा इंजिनियर. म्हणाला, "मामा, अमेरिकेत काही कामांत कंत्राटदार रकमेबरोबर दिवसही सांगतो. लोकांचा रोजचा भुर्दंड गुणिले दिवस, हे निविदेत मिळवून मग स्वस्त कोण ते ठरवतात."

मी कागद घेतला. समजा, रोज १०,००० माणसांची १५ मिनिटं गेली, तर झाले २,५०० तास. हा खर्च लोकांच्या खिशातून जातो, म्हणून हिशेबात दिसत नाही. तो धरला, तर वेळच्या वेळी केलेली डागडुजी महाग वाटणार नाही.

हुकलेल्या गुरुवारांना मात्र काय दर लावू? तुम्हाला सुचला तर कळवा.