सेमालेच्या वाटेवर

फ्रान्समधील लिझ्यू या गावाचे नाव आपल्या ख्रिस्ती कुटुंबांस अपरिचित नाही. बाल येशूची संत तेरेजा तेथील कार्मेल मठात राहिली व १८९७ साली तेथेच निवर्तली. यात्रेकरूंची रीघ तिकडे लागलेली असते. परंतु तिच्या मातेची ओळख करून घ्यावयाची तर आलांसाँ गाठले पाहिजे. म्हणून आम्ही ल माँ शहराहून आगगाडीत बसलो. उत्तरेस पन्नासएक किलोमीटर गेल्यावर सार्त नदीकाठचे हे नॉर्मंडीतील गाव लागते.

गावाची कीर्ती त्याच्या लेसमुळे. सुईदोऱ्याने विणल्या जाणाऱ्या या लेसचा एक चौरस सेंटिमीटर तुकडा पुरा व्हावयास सुमारे सात तास लागतात. २०१० साली युनेस्कोने या कलेची मानवजातीच्या वारशात नोंद केली. झेली मार्टिन याच कलेवर संसारास हातभार लावी. बायकांनी घरोघरी विणलेले तुकडे सांधा दिसणार नाही अशा रीतीने जोडणे, हे तिचे स्वतःचे काम. तिचे यजमान लुई घड्याळजी होते. पुढे पत्नीच्या व्यवसायास साह्य करण्यासाठी त्यांनी आपले दुकान विकले. १८५८ च्या जुलै महिन्यात, मध्यरात्री, येथील नोत्र दाम मंदिरात उभयतांचा विवाह झाला. त्याच मंदिरात ४ जानेवारी १८७३ रोजी त्यांच्या नवव्या व शेवटच्या अपत्याचा, म्हणजे तेरेजाचा, स्नानसंस्कार झाला.

मंदिरातून आम्ही संत ब्लेझ मार्गावरील मार्टिन कुटुंबाच्या घरी गेलो. तांबड्या विटांचे साधे घर. त्याला लागून चॅपेल. तेरेजा पोटात असताना तिच्या आईने चार मुले मातीआड केली होती. दोन पुत्र वर्षाचेही झाले नव्हते. एलेन पाच वर्षांची होऊन गेली. १८७० साली जन्मलेली मुलगी तर दूध पाजण्यास ठेवलेल्या दाईच्या हयगयीमुळे दोन महिन्यांतच गेली. ही मुले जन्मासच आली नसती तर बरे, असे लोक म्हणत. झेलीला हे बोलणे मुळीच सहन होत नसे. मुलांच्या चिरंतन सुखापुढे आपले कष्ट आपणांस जड वाटत नाहीत व मुले कायमची हरवलेली नाहीत, असे तिने भावजयीला लिहिले आहे. चाळिशी उलटल्यावर ती पुन्हा गरोदर राहिली, तेव्हा ती कामाशी गाणे म्हणे आणि पोटातले बाळही आपल्याबरोबर गात आहे असे तिला वाटे.

तेरेजा दोन महिन्यांची झाली आणि पोटाच्या विकाराने झिजू लागली. झेलीच्या छातीस पूर्वीपासून व्याधी असल्याने तिला अंगावर पाजता येत नव्हते. अंगावरच्या दुधावाचून मूल जगणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. एक मुलगी दाईच्या हाती गमावलेल्या आईला पुन्हा दाईच्याच दाराशी जावयाचे होते! ती रात्र तिने कशीबशी काढली आणि मार्चच्या थंडीत, उजाडताच, ती पायीच सेमालेस निघाली.

आम्हीही त्या वाटेने गेलो. आलांसाँपासून सेमाले सुमारे आठ किलोमीटर आहे. शेतकरीण रोझ ताये हिचे घर अजून तेथे उभे आहे. रोझ लगोलग झेलीबरोबर आलांसाँस आली. पण मुलीला पाहताच तिने निराशेने मान हलवली. झेली माडीवर जाऊन संत योसेफच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसली. बाळ बरे व्हावे असे तिने मागितले. आणि परमेश्वरास ते न्यावयाचे असेल तर त्याची इच्छा होवो, असेही म्हणाली. खाली येऊन पाहते तो मुलगी दूध पीत होती! लगेच ती निश्चेष्ट पडली. ती गेलीच असे सर्वांना वाटले. पण थोड्या वेळाने तिने डोळे उघडले व ती हसली.

त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ झेलीने लेकीला सेमालेस ठेवले. २ एप्रिल १८७४ रोजी ती घरी परतली, ती उन्हात रापलेली व धडधाकट. झेलीला मात्र आरोग्य लाभले नाही. १८७७ च्या जून महिन्यात ती लुर्डची यात्रा करून आली. छातीच्या कर्करोगाने २८ ऑगस्टला तिचे देहावसान झाले. तेव्हा तेरेजा साडेचार वर्षांची होती.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई व झेली या दांपत्यास संतपद दिले. त्यांच्या मध्यस्थीचे म्हणून ख्रिस्तसभेने मान्य केलेले दोन्ही चमत्कार आजारी तान्ह्या बाळांचे आहेत: एक इटलीतील, दुसरा स्पेनमधील. तरी चार मुले गमावलेली आई ख्रिस्तसभेने आपल्यापुढे ठेवली आहे, हे विसरून चालणार नाही. बाळ वाचले तर आईची श्रद्धा खरी, न वाचले तर उणी, असा हिशेब कोणीही करू नये.

आमच्या मायबहिणींनो, बाळ आजारी पडल्यास संत योसेफपुढे अवश्य गुडघे टेका. पण झेलीप्रमाणे डॉक्टरांचे ऐका, आणि मदत मागावयास लाजू नका. शेजारणींनो, रोझप्रमाणे बोलावताच निघा. आणि जिचे मूल गेले आहे त्या आईजवळ, ते जन्मलेच नसते तर बरे, असे शब्द कधीही काढू नका. तिच्या बाळाचे नाव घेऊन तिच्यासह प्रार्थना करा.