नाव नसलेली लग्नपत्रिका

खंडाळा म्हटलं की लोकांना लोणावळ्याशेजारचं खंडाळा आठवतं. आमचं खंडाळा खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं, सातारा जिल्ह्यातलं. इथं मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो आणि जुने छापील कागद गोळा करतो. लग्नपत्रिका, उरुसाची हस्तपत्रकं, शाळांच्या स्मरणिका, कॅलेंडरं, सिनेमाच्या जाहिराती. बायको याला "पसारा" म्हणते, आणि तिचं चूक नाही.

हा नाद मला उशिरा लागला, एका चुकीनंतर. घर पाडून नवं बांधताना आजोबांची लोखंडी पेटी निघाली. तीत कागदच कागद. मराठी कागद मी रद्दीवाल्याला दिले. उर्दू कागद रद्दीत कसे देणार? कुठल्याही कोपऱ्यात अल्लाहचं नाव असायचं. आपल्या घरांत असे कागद 'ठंडे' करतात. मीही गाठोडं बांधून शिरवळच्या पुलावरून नीरेत सोडलं आणि मोठ्या अदबीनं घरी आलो. आज वाटतं, रद्दीत गेलेला कागद एखादवेळी परत सापडतो, अदबीनं बुडवलेला सापडत नाही. आपला छापील इतिहास असा आपल्याच हातांनी बुडतो. ते कागद मी वाचलेसुद्धा नव्हते. उर्दूचा मास्तर असून!

पेटीच्या तळाला चिकटून एकच कागद वाचला. एक लग्नपत्रिका. मराठी मजकूर खिळ्यांनी जुळवलेला. छापखान्याकडे उर्दू टाइप नसावा, म्हणून वरची जागा कोरी सोडलेली आणि तिथं आजोबांनी बोरूनं उर्दू मजकूर लिहिलेला. खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं गाव : वाई. ही ओळ शोभेची नसते. 1867 च्या कायद्यानं छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं बंधनकारक झालं. म्हणून जुना कागद हातात आला की मी आधी तळ बघतो.

पत्रिकेवर साल नव्हतं. 'रविवार, 12 मे, माहे शव्वाल' एवढंच. मागं टपालाचं तिकीट होतं, त्यावर 'नये पैसे'. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 ला आली आणि 'नये' हा शब्द 1964 मध्ये गळाला. या काळात 12 मे रोजी रविवार दोनदाच आला, 1957 आणि 1963 ला. हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतात. 1963 चा शव्वाल मार्चमध्येच संपला होता. म्हणजे 1957. त्या दिवशी मी वर्गात गणित सुटलेल्या पोरासारखा खूश होतो.

पत्रिका घेऊन फुफीकडे गेलो. लग्न तिचंच होतं. तिनं चष्मा लावला, मराठी वाचलं, मग उर्दू, आणि विचारलं, "मेरा नाव किधर है रे?"

मी पुन्हा पाहिलं. मराठीत 'ज्येष्ठ कन्या', उर्दूत 'दुख्तर-ए-नेक-अख्तर'. नवरदेवाचं नाव होतं, दोन्ही बापांचं होतं, छापखान्याच्या गावाचंसुद्धा होतं. साल काढण्याच्या नादात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आमच्या तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. 10 ऑक्टोबर 1856 ला त्यांनी माहेराहून जोतिबांना पत्र लिहिलं. त्यात फातिमाची काळजी आहे, आपल्या मागं तिच्यावर कामाचा भार पडत असेल म्हणून. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मया'त, 1988 साली, ते पत्र छापलं गेलं. जानेवारी 2025 मध्ये फातिमा शेख नावाची बाई नव्हतीच, असा गदारोळ उठला, तेव्हा लोकांनी हेच पत्र पुढं केलं. मैत्रिणीनं पत्रात नाव घेतलं, कुणी तो कागद जपला, कुणी छापला. ज्यांचं नाव अशा कुठल्याच कागदावर आलं नाही, त्या किती असतील?

मी फुफीला म्हटलं, "पाठीमागं लिहू का तुझं नाव?"

"अब कायकू," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पेन्सिल दे. मैंच लिखती."

हात थरथरत होता. अक्षर वाकडं आलं. तिनं मराठीत लिहिलं, मग खाली उर्दूत.

तुमच्या घरी अशी पेटी असेल, तर नदीवर जाण्याआधी एकदा उघडून वाचा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवून वाचा.