ऱ्हाइनतीरची लोरेलाय

जर्मनींत हाइन्सबर्ग गांवीं, चित्रकार कार्ल बेगास याच्या जन्मग्रामीं, त्याचें 1835 सालचें ‘लोरेलाय’ हें तैलचित्र आम्ही पाहिलें. उंच कड्यावर वाद्य घेऊन बसलेली लावण्यवती, आणि खालीं तिच्या गायनानें भुललेली नौका. मेनकेची आठवण होतेच; परंतु मेनकेस इंद्रानें धाडिलें होतें, हिला कोणी?

कवींनीं! हा कडा पूर्वीं प्रसिद्ध होता तो प्रतिध्वनीसाठीं. त्यावर स्त्री आणिली ब्रेंटानोनें, 1801 सालीं. हाइनेनें 1824 त तिला शिखरावर बसवून सोन्याची फणी दिली. म्हणजे बेगासनें कुंचला उचलला तेव्हां ही ‘पुरातन’ दंतकथा अवघी चौतीस वर्षांची होती.

पुढें सांक्ट गोआर्सहाउझेनजवळ आगबोटींतून तो कडाही पाहिला. सुमारें 132 मीटर उंचीचा ओबडधोबड खडक. चित्रांतील मोहिनी त्यांत कांहीं नाहीं. पण पाण्याकडे पाहावें! नदी येथें एकाएकीं अरुंद होऊन वळते, खडकांनीं प्रवाह वेडावांकडा होतो. नौका बुडत त्या यामुळें. 13 जानेवारी 2011 रोजीं 2,400 टन गंधकाम्ल नेणारें जहाज याच टापूंत उलटलें. चार खलाश्यांपैकीं दोघेच वांचले. चौकशींत दोष निघाला माल भरण्याच्या रीतीचा.

नदीचा व नावाड्यांचा अपराध एका स्त्रीच्या माथीं मारावा, हें आम्हांस रुचलें नाहीं. चित्र मात्र सुंदर आहे, हें निर्विवाद.

डेकवरून आम्ही साद घालून पाहिली. दोन्हीं तीरांवरून आगगाड्या धडधडत होत्या. प्रतिध्वनि कांहीं ऐकूं आला नाहीं.